चौकीदाराचं बीळ

जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोन आला तेव्हा मासेवाला आपल्या शोभेच्या माशांच्या दुकानामागे बादलीत मीठ कालवत होता.

"काका, चौकीदार दोन दिवस दिसत नाहीये. बाबांनी कालपासून तोंड मिटलंय. संध्याकाळपर्यंत चमचाभर तरी गेलं नाही तर डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत."

चौकीदार म्हणजे बोटभर लांबीचा गोबी मासा, बाबांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, वाळूतल्या बिळात राहणारा. बीळ खणते ती एक जवळजवळ आंधळी कोळंबी. मासा दारात पहारा देतो आणि कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून वाळू उपसते. तो नसेल तर ती बिळाबाहेर पाऊल टाकत नाही. बाबांनी त्याचं नाव ठेवलं तेव्हा ते बोलत होते. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. राहिला तो फक्त हा मासा बघण्याचा नाद.

मासेवाला हातातलं काम टाकून निघाला.

पलंगावर पडलेल्या बाबांच्या डाव्या हाताला टाकी होती आणि उजव्या हाताला आईची खुर्ची. खुर्चीपाशी उभं राहून त्याने बाबांची विचारपूस केली. बाबा टाकीकडे तोंड करूनच पडून राहिले. वळसा घालून तो टाकीपाशी गेला, तेव्हा मात्र त्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर आले आणि परत रिकाम्या वाळूवर गेले.

जावयाने मासा शोधायला सकाळपासून कपाटं हलवून सगळी जमीन झाडून काढली होती. साप साप म्हणून भुई धोपटायचाच तो प्रकार. टाकीवरच्या जाळीचे चारही चाप घट्ट होते, मासा उडी मारून जाणार कुठून?

इतक्यात काचेआडून आवाज आला. टक्.

"कोळंबीची नांगी वाजली," मासेवाला म्हणाला. "म्हणजे खाली कोणीतरी जिवंत आहे."

पण बिळाचं तोंडच दिसत नव्हतं. तिथे एक चपटा दगड बसला होता. बाकीच्या दगडांच्या माथ्यावर हिरवं शेवाळ होतं, हा मात्र वरून पांढरा स्वच्छ. त्याने बाही सारून हात घातला आणि दगड उचलला. शेवाळ खालच्या बाजूला होतं. खाली ढासळलेल्या वाळूचा खळगा दिसला. त्यातून काहीच बाहेर आलं नाही.

"टाकीत हात कोणी घातला?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. टाकीमुळे भिंतीला ओल येते, ती काढून टाका, असं तो गेल्याच आठवड्यात म्हणाला होता.

"मी नाही," जावई म्हणाला. "मला त्या पाण्याची किळस येते."

"आई, तुम्ही?" मासेवाल्याने विचारलं.

"मी रोज वरून बाटलीने साधं पाणी ओतते. आटलं तर साधंच ओतायचं, हे तुम्हीच शिकवलंत. परवा ओतताना सांडलं, बाही भिजली, तेवढंच."

तिच्या गडद स्वेटरच्या बाहीवर, कोपरापाशी, पीठ लागल्यासारखी पांढरी नागमोडी रेघ होती. मासेवाला आल्यापासून ती रेघ बघत होता. त्याला बोलायचं जिवावर आलं, पण बोलावं लागलं.

"शेवाळ उजेडाच्या बाजूला धरतं. म्हणजे हा दगड हल्लीच कोणीतरी पालथा करून बिळावर ठेवला. आणि साधं पाणी वाळलं की मागे काही ठेवत नाही, आई. ही रेघ मिठाची आहे. हे पाणी बाटलीतलं नाही, टाकीतलं आहे. तुमचा हात कोपरापर्यंत आत गेला होता."

मुलीला नवऱ्याकडे बघवेना. आई खुर्चीत बसली.

"दोन महिने इथे बसून हाका मारतेय," ती म्हणाली. "घास भरवते, तोंड पुसते. एकदा मान वळवली नाही. मासा दिसला नाही तर माझ्याकडे बघतील, एवढंच वाटलं. जेवण सोडतील हे कुठे माहीत होतं? काल दगड काढायला गेले होते. पण खाली मेलेला निघाला तर, म्हणून हातच धजेना."

मासेवाल्याने हातातला दगड टाकीत बाजूला ठेवला.

"अजून एक कोडं आहे," तो म्हणाला. "मी तुमच्या खुर्चीपाशी उभा होतो तेव्हा बाबांनी माझ्याकडेही पाहिलं नाही. टाकीपाशी आलो तेव्हा लगेच पाहिलं. माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं, ताटातली उजव्या बाजूची भाजी तशीच राहायची. झटक्यात नुसते हातपाय जात नाहीत, कधीकधी त्या बाजूचं दिसणंही जातं. डॉक्टरांना विचारून घ्या. पण मला वाटतं, ते तुम्हाला टाळत नाहीत, आई. तुम्ही त्यांना दिसतच नाही."

मग जावयानेच आईला उठवून खुर्ची उचलली आणि टाकीला खेटून ठेवली.

आई बसली. बाबांची नजर वाळूवरून सरकली आणि तिच्यावर थांबली. ओठ हलले, शब्द उमटला नाही. डावा हात चाचपडत आला, त्याला ती मिठाची बाही सापडली आणि त्याने ती मुठीत धरली. आईने दुसऱ्या हाताने चमचा पुढे केला. निम्मं सांडलं. उरलेलं बाबांनी गिळलं.

मागे टाकीत, खळग्याच्या तळाशी, चिमूटभर वाळू आतून बाहेर ढकलली गेली, मग अजून चिमूटभर. चौकीदार सोबत असल्याशिवाय कोळंबी कधी वाळू बाहेर काढत नाही. पण मासेवाल्याखेरीज तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, आणि त्यानेही ते कोणाला सांगितलं नाही.