बिनउंबऱ्याचं घर

सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर मार्चचं लख्ख ऊन होतं. गीताबाई पटले दारापर्यंत आल्या आणि थांबल्या, बराच वेळ.

"या ना काकू," आतून हर्षा रहांगडाले म्हणाली.

गीताबाई सरळ चालत आल्या. वाटेतलं बुटकं स्टूल त्यांच्या नडगीवर आदळलं. ओमेशनं धावत जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं.

हर्षा गोंदियात खासगी तपासाचं काम करायची. त्याआधी नऊ वर्षं ती एका विमा कंपनीसाठी दावे तपासत होती. ओमेश तिचा मामेभाऊ. गाडी चालवणं आणि टिपणं घेणं ही त्याची कामं. निष्कर्ष काढणं त्याच्याकडे नव्हतं, पण ते तो सगळ्यात आधी करायचा.

"घसा सुकला बाप्पा," गीताबाई म्हणाल्या.

ओमेशनं त्यांच्या उजव्या कोपराजवळ पाण्याचा ग्लास ठेवला. त्या तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा पाणी मागितलं, तेव्हा त्यानं ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला. दुःखात माणसाचं चित्त ठिकाणावर नसतं, असं त्याला वाटलं.

"आमचे मालक गेले. आज एकवीस दिवस झाले." गीताबाईंचा आवाज कोरडा होता. "पोस्टातून रिटायर झाले होते. मूलबाळ नाई आमाले. मी अंगनवाडीत होती. अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं लिहिली, दोन वर्षांआधी सोडली."

"काऊन सोडली?" हर्षानं विचारलं.

"कंटाळा आला." त्या लगेच पुढे बोलल्या. "गेल्या दिवाळीपासून ते दर गुरुवारी कुठं तरी जात. विचारलं तर म्हनत, दोस्ताचं काम हाये. मंग एका गुरुवारी कोहमाऱ्याच्या बसस्टॉपवरच छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं सगळं. पोलिसायनं थैली आनून देली. त्यात हे होतं."

त्यांनी टेबलावर एक किल्ली आणि घडी घातलेला कागद ठेवला. चिचगडच्या अलीकडे कोसमटोला नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराचा तो विसारपत्राचा कागद होता. घेणारे दुधराम पटले, देणारे जागेश्वर कटरे.

"शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला. मले तर गावाचं नावबी मालूम नाई. कोनासाठी घेतलं त्यायनं घर?"

"तुम्हाला कुणाचा संशय आहे?"

"बाईचा," त्या सरळ म्हणाल्या. "दोन वर्षांपासून मानूस बदलला होता. साठीत अत्तर लावाले लागला. करकर वाजनाऱ्या चपला आनल्या. मले सायंकाळच्या लग्नाले नेनं बंद केलं, म्हने गर्दी असते. माही शरम वाटत असन. आन् चिडचिड किती! कोनी पाहुन्यानं घरातली खुर्ची हालवली तर त्याच्यावर ओरडत. घर नकोसं झालं होतं त्यायले."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "त्या दिवशी पहाटे मी म्हटलं, जिथं जाऊन राहिले तिथंच राहा, परत येऊ नका. चौतीस वर्षांत असं कधी बोलली नव्हती."

मग हर्षानं किल्ली उचलली.

* * *

देवरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना मोह फुलले होते. बाया टोपल्या घेऊन झाडांखाली वाकल्या होत्या. कोसमटोला रस्त्यापासून आत होतं. गावाच्या टोकाला, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठावर, कवेलूंच्या छपराचं ते घर. मागे आंब्याची सावली, भोवती बांबूचं कुंपण. बोडीवरच्या पाणकोंबड्यांखेरीज कशाचाही आवाज नव्हता.

"मलाही असं घर पाहिजे," ओमेश म्हणाला. "पटलेकाकांची निवड चांगली होती. दोन्ही बाबतीत."

हर्षा पुढे चालू लागली.

घरमालक जागेश्वर वाट बघत होता. त्याचं देवरीला किराणा दुकान होतं, म्हणून गावातलं घर विकायला काढलेलं.

"रोडवर माहं पक्कं घर होतं, तेबी दाखवलं त्यायले," तो म्हणाला. "म्हनाले, तिथं गाड्यायचा आवाज लई येते. दुसऱ्या आवाजात काही आयकू येनार नाई. मंग या गल्लीत कोनी ट्रॅक्टर उभा करते काय, गुरं बांधते काय, सारं इचारलं. पाच फेऱ्या मारल्या, तवा पसंत केलं."

"कुणासाठी घेऊन राहिले, ते बोलले का?"

"एकडाव म्हनाले, तिच्यासाठी पाह्यजे. ती कोन, मी कायले इचारू? खरेदी कोनाच्या नावानं कराची, तेबी सांगतलं नाई. म्हने, त्या दिवशी तिले संगं घेऊन येतो."

ओमेशनं वहीत 'ती' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

हर्षानं कुलूप उघडलं. घर स्वच्छ सारवलेलं होतं. दाराला उंबरठा नव्हता. आतल्या दारालाही नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर एकसारखे चार डबे ओळीनं मांडलेले. प्रत्येकाच्या गळ्यात सुतळी. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार.

मागच्या दारापासून एक काथ्याचा दोर निघाला होता, कमरेएवढ्या उंचीवर. तो नळाकडे वळून न्हाणीपर्यंत गेला होता. वळणावर निंबूचं रोप होतं. न्हाणीच्या दाराशी मोगरा.

"कपडे वाळवायला," ओमेश म्हणाला.

"एवढ्या खाली? साडी मातीला लागेल."

तेवढ्यात इंद्रकुमार मिस्त्री आला. दुरुस्ती त्यानंच केली होती.

"पटलेजींचं डोकं फिरलं होतं बाई," तो म्हणाला. "उंबरठे कहाडाले लावले. मी म्हटलं, अजी, बिनउंबऱ्याच्या घरात लक्ष्मी थांबत नाई. तर म्हने, माही लक्ष्मी पडली नाई पाह्यजे. भिंतीचे कोनेबी गोल कराले लावले. हे पाहा."

हर्षानं कोपऱ्यावरून हात फिरवला. तो खरंच गुळगुळीत, गोल होता.

शेवटी कुंपणापलीकडची पुष्पाबाई. चाळिशीची, नवरा गेलेला, मोठ्या आवाजाची. ओमेशनं तिला पाहिलं आणि वही मिटली. त्याच्या मते तपास संपला होता.

"ते तुमच्याशी बोलायचे?" हर्षानं विचारलं.

"बोलत ना. इचारत, पुष्पाबाई, तू दिवसभर घरीच राहतेस ना? गाव सोडून तर नाई जात? एकडाव मले म्हनाले, तू तुह्या आंगनातून आवाज दे, मी इकडून आयकतो. तीनदा आवाज देवाले लावला. मी म्हटलं, लोक पाहतीन तर काय म्हनतीन?"

"अजून काही?"

पुष्पाबाईनं आवाज खाली आणला. "लोक म्हनत, मानूस जादूटोना करते. भर दुपारी डोळ्यांवर दुपट्टा बांधून आंगनात फिरत. दोर धरून. दोनदा पडले, गुडघा फुटला. उठले आन् पुन्हा चालाले लागले. मले हासू आलं, मंग भेव लागला."

हर्षा कुंपणाला हात टेकून उभी राहिली. परतीच्या वाटेवर कोहमारा आलं.

"पुष्पाबाईच ना?" शेवटी ओमेशनंच विचारलं.

"पुष्पाबाईला स्वतःचं घर आहे, ओमेश. परवा सकाळी गीताकाकूंना तिथं घेऊन जाऊ."

* * *

सकाळी दहाला गीताबाई त्या अंगणात उभ्या होत्या. जागेश्वर, इंद्रकुमार आणि पुष्पाबाईही आले होते. गीताबाईंनी पुष्पाबाईच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून तिला विचारलं, "तूच काय ती?"

"ती नाही काकू," हर्षा म्हणाली. "बसा. मी सांगते, ते शेवटपर्यंत ऐका."

आंब्याखाली खाट टाकली होती. गीताबाई हातानं चाचपून बसल्या.

"दुधरामकाकांनी इथे काय केलं ते आधी पाहू. पायाला ठेच लागू नये म्हणून उंबरठे काढले. अंगाला लागू नये म्हणून भिंतींचे कोपरे गोल केले. घरातून नळाकडे, नळाकडून न्हाणीकडे हाताला धरायला दोर बांधला. कुठे वळायचं ते वासावरून कळावं म्हणून निंबू आणि मोगरा लावला. डब्यात काय आहे ते बोटांनी कळावं म्हणून गाठी मारल्या. असं घर कुणाला लागतं?"

ओमेशचं पेन थांबलं.

"ज्याला दिसत नाही त्याला," हर्षा म्हणाली. "म्हणून त्यांना शांत गल्ली हवी होती, कान हेच डोळे होणार होते. म्हणून त्यांनी पुष्पाबाईचा आवाज पारखला. हाक मारली तर धावून येईल असं माणूस कुंपणापलीकडे हवं होतं. आणि घर नीट झालं की नाही, हे ते स्वतःचे डोळे बांधून तपासत होते."

"त्यायलेच दिसत नसन," जागेश्वर म्हणाला.

"मग डोळे बांधायची गरजच नव्हती. आणि ते तर म्हणाले होते, तिच्यासाठी." हर्षा गीताबाईंसमोर जमिनीवर बसली. "काकू, तुम्ही उन्हातून माझ्या ऑफिसात आलात, तेव्हा आतलं तुम्हाला काही दिसलं नाही. समोरचं स्टूल लागलं. बाजूला ठेवलेलं पाणी दिसलं नाही. अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं लिहिणाऱ्या बाईनं एक कागद शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. नोकरी कंटाळून सोडली नाही तुम्ही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे केव्हा गेला होतात?"

गीताबाईंनी खाटेच्या कडेवरून हात फिरवला.

"दोन वर्षं झाली," गीताबाई म्हणाल्या. "नागपूरले. बहिनीसंगं गेली, त्यायले सांगतलं नाई. डॉक्टर म्हनाले, अंधारातलं आन् बाजूचं आधी जाईन. मंग सारंच. इलाज नाई."

"का लपवलं?"

"जनम गेला त्यायचा पोस्टात. आत्ता कुठं आराम भेटला होता. माहं ओझं कायले?"

"त्यांना कळलं होतं. दोन वर्षांआधीच. अत्तर आणि वाजणाऱ्या चपला कधीपासून आल्या, आठवा. ते खोलीत कुठे आहेत, हे तुम्हाला न बघता कळावं म्हणून. संध्याकाळच्या लग्नांना नेणं बंद केलं, कारण अंधारात तुम्ही चारचौघांत अडखळला असता. आणि खुर्ची हलवली की ओरडायचे, कारण ती ठरलेल्या जागी आहे असं धरून तुम्ही चालत होतात."

गीताबाई हर्षाच्या आवाजाकडे वाकल्या.

"मंग मले काऊन नाई बोलले?"

"तुम्हाला लपवायचं होतं, म्हणून त्यांनी ते लपू दिलं. खरेदीच्या दिवशी तुम्हाला संगं आणून सांगणार होते, असं मला वाटतं. ते मात्र मी सिद्ध करू शकत नाही."

पुष्पाबाई कुंपणापाशी तोंडात पदर कोंबून रडत होती. गीताबाई रडल्या नाहीत. त्या हर्षाकडे तोंड करून बसल्या होत्या, आणि हर्षा त्यांना दिसत होती की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"तुमाले सारं समजते ना बाई," त्या हळू म्हणाल्या. "मंग एक सांगा. त्या दिवशी पहाटे मी तसं बोलली. ते फाटकाजवळ थांबले. चपलांचा आवाज बंद झाला, म्हनून समजलं. पन अंधार होता, मले काही दिसलं नाई. त्यायनं मांगं वळून पाह्यलं असन काय?"



"पाह्यलंच असन काकू," ओमेश म्हणाला.

"तू होता काय तिथं?"

"नाही."

"मंग उगा नको बोलू."

त्या उठल्या. जागेश्वरला म्हणाल्या, "भाऊ, खरेदी कधी करता?"

खरेदीखत पुढच्या सोमवारी देवरीच्या रजिस्ट्री ऑफिसात झालं. बाबूनं सहीची जागा दाखवली. हर्षानं गीताबाईंचं बोट त्या रेघेवर नेऊन ठेवलं आणि त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहिलं. गीता दुधराम पटले. मधल्या नावाशी त्यांचा हात थांबला. मागे लोकांची रांग लागली होती, पण बाबूनं घाई केली नाही.