मुकादमाच्या पाण्यावरचा तवंग

"अहो, ते पिऊ नका!"

वृषाली एवढ्यानं ओरडली, की शिरपूर–धुळे बसमधली पुढची दोन बाकं वळून बघायला लागली. सोनगीरला चढून शेजारी बसलेल्या तरुणानं आपली समजून तिची बाटली उचलली होती, झाकण काढून ओठांपर्यंत नेली होती. तो तसाच थबकला.

"विष आहे का?"

"माशाचं पाणी आहे..."

त्यानं बाटली उजेडात धरली, हुंगली आणि गंभीरपणे म्हणाला, "मासा बरा नाही वाटतं."

तिचं रागवायचं राहूनच गेलं. "वासावरून कळतं?"

"कामच आहे ते." त्याच्या पायाशी बाटल्यांचा खोका होता, प्रत्येकीवर गावाच्या नावाची चिठ्ठी. "मी प्रशील. धुळ्याला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत असतो. लोक मुली बघायला जातात, मी गावोगावच्या विहिरी बघत हिंडतो."

"आणि पसंत पडली नाही तर?"

"नकार देत नाही. क्लोरीन देतो."

चार महिन्यांत वृषाली पहिल्यांदा हसली, आणि तिची तिलाच लाज वाटली. ज्या घरातून माणूस गेलेलं असतं, तिथल्या लोकांना हसणंसुद्धा चोरीचं वाटतं.

गेले होते ते नाना, तिचे वडील. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात काचेची टाकी मांडली आणि एक गोल्डफिश पाळला. टाकीभर देखरेख करत फिरतो म्हणून त्याचं नाव मुकादम. नाना गेले, मुकादम राहिला. आई, कुंदाबाई, दिवसभर टाकीपाशी बसून त्याच्याशीच बोलायची; माणसांशी बोलणं तिनं जवळजवळ सोडलंच होतं. आता मात्र रोज सकाळी पाण्यावर तेलकट तवंग धरलेला असायचा आणि मुकादम वर येऊन तोंडाची उघडमीट करायचा. हा मासाही गेला तर आईचं काय होईल, या धास्तीनं वृषाली ते पाणी धुळ्याच्या माशांच्या दुकानदाराला दाखवायला निघाली होती.

प्रशीलनं बाटली ठेवून घेतली, तिचा फोन नंबरही लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, पाण्यात अमोनिया वाढलाय. आणि रविवारी सकाळी तो स्वतःच शिरपूरला आला.

"असा तवंग शेवभाजीवर शोभतो," टाकीत डोकावत तो म्हणाला. त्यानं कोरा कागद पाण्यावर अलगद टेकवून उचलला. तेलकट थर कागदाला चिकटून आला. पाव टाकी पाणी काढून त्यानं फोनवर सांगून दोन दिवस उघडं ठेवायला लावलेलं पाणी भरलं. मग एकेक विचारायला लागला. बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती टाकीजवळ लागते का? खाणं किती टाकता?

"आणि हवेचा पंप? रात्रंदिवस चालू असतो ना?"

वृषालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "हो—"

"मग खाणंच जास्त होत असणार," तो आईला हळूच म्हणाला.

वृषाली खोटं बोलली होती. शेवटचे तीन महिने नाना टाकीच्याच खोलीत ऑक्सिजनवर होते. सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी सारखं बुडबुडायचं. एका पहाटे ती बुडबुड चालूच राहिली आणि नाना थांबले. पंपाचा आवाज हुबेहूब तसाच होता. वृषाली आता त्या खोलीत झोपायची. झोपताना पंपाचं बटण बंद करायची आणि आई उठायच्या आत चालू करायची.

दुसऱ्या रविवारी कागद टेकवताना प्रशील सहज म्हणाला, "पाणी हललं नाही की तवंग धरतो. मग माशाला हवा मिळत नाही." त्या रात्री वृषालीनं पंप चालू ठेवून पाहिला, कानांवर उशी दाबली, रडली... आणि शेवटी बंद केला. सांगणं तर त्याहून अवघड होतं. आता रविवारची ती वाट बघायची आणि रविवारला घाबरायचीसुद्धा. तो बाह्या सरसावून पाण्यात हात घालायचा, मधेच मान वळवून तिच्याकडे बघायचा, आणि तिला वाटायचं, या माणसाला मी फसवतेय.

चौथ्या रविवारी मुकादम एका कुशीवर कलला होता. आईनं टाकीजवळ जाणंच सोडलं होतं. दारात प्रशील दिसताच तिनं हात जोडून मासा घेऊन जायला विनवलं.

"भाऊ, तूच ली जाय याले. मन्हा हातले यश नही. नाना गयात, आते हाऊ बी... दोष बठ्ठा मन्हाच शे."

"आई, तुझा नाही!" वृषालीच्या तोंडून शब्द सुटले. मग राहवेना. तिनं सगळं सांगितलं, बटणाचं, बुडबुडीचं, त्या पहाटेचं. सांगताना तिनं प्रशीलकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडसच नव्हतं.

आईनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"माले बी तोच आवाज ऐकू येस, पोरी. म्हनीसनच मी आठे बसस."

त्या आवाजासाठीच आई दिवसभर टाकीपाशी बसायची. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, नाना गेल्यानंतर पहिल्यांदाच एकत्र. प्रशीलनं मुकाट्यानं पाणी बदललं आणि धुळ्याची बस पकडली. वृषालीला वाटलं, गेला तो, आता यायचा नाही. पण दुपारी तो परत आला. हातात छोटा फिल्टर होता. त्यानं फिल्टरचं तोंड पाण्याच्या जरासं खाली तिरपं बसवलं. पाण्यावर बारीक लहरी उठल्या. खोलीत आवाज नव्हता.

"दिवसा आईंसाठी पंप, रात्री तुमच्यासाठी हा," तो म्हणाला. "पाणी हललं म्हणजे झालं, आवाज झालाच पाहिजे असं नाही."

पुढच्या दोन आठवड्यांत मुकादम सरळ झाला आणि टाकीभर फिरायला लागला. आईनं पुन्हा चिमटीनं त्याला खाणं टाकलं. प्रशीलनं पाणी तपासलं, सारं ठीक होतं. मग यायला कारणच उरलं नाही. तो चपला घालून पायरीवर उभा राहिला, पण निघेना.

"एक विचारू?" वृषाली म्हणाली. "तुम्हाला पंपाची शंका आली नव्हती?"

"पाणी पहिल्या दिवसापासून सांगत होतं. हलत्या पाण्यावर एवढा तवंग धरतच नाही. पण तुम्ही हो म्हणालात... आणि नोकरीत पहिल्यांदाच मी पाण्यापेक्षा माणसाचं खरं मानलं. आईंना उगाच बोल लावला. चुकलंच माझं."

"का मानलंत?"

तो खाली बघत राहिला. "तुम्हाला खोटं ठरवायला मन होईना."

वृषालीचे डोळे भरून आले. या वेळी तिनं ओढणीशी चाळा केला नाही.

"मग आता खरं सांगते. तुम्ही नाही आलात तरी मुकादम जगेल. मला मात्र... मला मात्र तुमच्यावाचून करमणार नाही."

प्रशीलनं तिच्याकडे पाहिलं, मनसोक्त पाहिलं.

"मग येत्या रविवारी आईंना काय सांगून येऊ?"

"सांगा, वृषालीसाठी आलो."

त्यानं पायातल्या चपला काढल्या. "त्यासाठी रविवारपर्यंत कशाला थांबू?" म्हणाला, आणि आईशी बोलायला आत गेला.