भित्रे मासे आणि पंपवाला

प्रयोगशाळेतला पंप दुरुस्त करायला आलेला उंच मेकॅनिक टाकीपुढे उकिडवा बसला आणि पंप सोडून माशांकडेच बघत राहिला.

"हे सगळे तळाशी का चिकटून बसलेत?"

"घाबरलेत म्हणून." वहीतून मान वर न करता ती म्हणाली. मनाच्या आजारांवरची औषधं माशांवर तपासून बघणं हे तिचं काम. "नव्या टाकीत सोडलं की मासा आधी तळ गाठतो. भीती ओसरली की वर येतो. पाण्यात औषध मिसळलं तर लवकर यायला हवा. माझे मात्र... दीड महिना झाला, ढिम्म हलत नाहीत."

शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही तर काम बंद, असं सरांनी बजावलं होतं. घरी आईची वेगळीच तक्रार – लग्नाचं विचारलं की ही माशांचं सांगते.

त्यानं टाकीखालच्या टेबलावर तळहात टेकवला, डोळे मिटले. "मॅडम, हात ठेवा इथे... नाही, जरा अलीकडे."

बोटांना बोटं लागली. लाकडातून बारीकशी थरथर येत होती.

"पंपाखालचं रबर झिजलंय. मला कुणी दिवसभर असं हादरवलं, तर मीही वर येणार नाही."

तिला हसू फुटलं... कितीतरी दिवसांनी.

रबर बदललं. गुरुवारी औषधाच्या पाण्यातले मासे एकेक करत वर आले. सरांनी आकडे दोनदा तपासले आणि काम चालू ठेवायला सांगितलं.

पंप आता ठणठणीत होता, तरी तो दर मंगळवारी "सहज बघून जातो" म्हणत यायचा. शेजारी बसून विचारायचा – हे औषध किती दिवसांनी लागू पडतं? मध्येच बंद केलं तर? बोलायला निमित्त शोधतोय, असं वाटून ती गालातल्या गालात हसायची आणि उत्तरं लांबवायची.

एका मंगळवारी तो आला आणि नुसता पान्याशी चाळा करत राहिला.

"एक सांगायचं होतं... माशांना देता ना, तेच औषध मी रोज घेतो. तीन वर्षं झाली. आधी तर लिफ्टमध्ये पाऊल टाकवत नव्हतं. पुढचं काही विचारायच्या आत तुम्हाला ठाऊक असावं... म्हणून."

तिनं पेन खाली ठेवलं.

"कधी घेता?"

"सकाळी. नाश्त्यानंतर."

"आणि नाश्ता एकट्यानंच?"

"...हो."

"मग उद्यापासून माझ्यासोबत कर," ती म्हणाली, आणि आपण 'तू'वर आलो हे नंतर तिच्या लक्षात आलं. "आणि ते पुढचं काय ते विचारून टाक."

त्यानं विचारलं. त्या दिवशीच्या नोंदी तेवढ्या राहूनच गेल्या.