बदाम गप होईपर्यंत

खालच्या मजल्यावरचा ओंकार पहिल्यांदा माझ्या दारात आला, तेव्हा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता आणि मी बाहेरच्या खोलीत निवांत चहा पीत होते.

"मॅडम, तुमच्याकडं काय जळतंय?"

"कुठे काय?" म्हणत मी मागे वळले. कढईतल्या बदामांचा कोळसा झाला होता.

तो धावत आत गेला, गॅस बंद केला, कढई मोरीत ठेवून तिच्यावर नळ सोडला. मग खिडकी सताड उघडली. धूर बाहेर गेला, लोणावळ्याचं धुकं आत आलं. घरात फारसा फरक पडला नाही.

"तुमाला वास न्हाई आला?" त्याने विचारलं.

एवढे दिवस मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. गेल्या महिन्यात ताप आला होता. जाताना माझं नाक घेऊन गेला. आणि मी घरी केक करून विकते. शुक्रवारी प्रेरणाताई त्यांच्या कॅफेसाठी माझा बदामाचा केक चाखायला येणार होत्या. आवडला तर रोजचं काम, नाही तर बाबांनी पुण्यात बघून ठेवलेली नोकरी. त्या केकचा सगळा जीव भाजलेल्या बदामात, आणि बदाम भाजले गेले हे सांगतो तो वास. क्षणभर अलीकडे कच्चे, क्षणभर पलीकडे कडू.

"तुम्हाला खालच्या मजल्यावर वास आला म्हणजे नाक चांगलंय तुमचं," मी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत… उसनं द्याल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मोरीतल्या कढईकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं… जरा जास्तच वेळ.

"व्हय," तो म्हणाला. "नाक लय चांगलं हाय."

ओंकार मावळातल्या तिकोणा पेठ गावचा. कामाला झिपलाइनवर. लोकांना पट्टे बांधून तारेवरून दरीपलीकडे ढकलून द्यायचं. सध्या काम बंद होतं, कारण धुक्यात पलीकडचं टोक दिसत नव्हतं.

"माणूस सोडला तर पोचला का न्हाई, कळत न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. "मग पुढचा सोडायचा कसा?"

रोज दुपारी तो यायचा. मी मंद आचेवर बदाम हलवायचे आणि तो डोळे मिटून, मान वाकडी करून कढईवर झुकायचा. नाक भिंतीकडे, कान बदामांकडे. मला वाटलं, असेल एखादी मावळी पद्धत.

"झालं!" तो म्हणायचा. मी लगेच बदाम परातीत ओतायचे, आणि ते अचूक भाजलेले असायचे. मग आम्ही खिडकीत बसून ते खायचो. धुकं आमच्यामधून चालत जायचं. कधी त्याचा हात दिसायचा, कधी नुसता आवाज यायचा.

"मॅडम, हायसा ना?"

"आहे."

"न्हाई, दिसंनासा झालासा की काळजी वाटती."

आणि गुरुवारी, त्याच्या हातून बदाम घेताना, माझं नाक परत आलं.

आधी हलकेच बदाम आला, गोडसर, उबदार… माझे डोळे भरून आले. त्याच्या पाठोपाठ ओंकार आला. त्याच्या अंगाला लव्हेंडरचा वास येत होता. साधासुधा नव्हे, एखादं मोठं हॉटेल आपल्या संडासात मारतं तसला. डोळ्यांतलं पाणी आता दोन्ही कारणांनी वाहू लागलं.

नाक असलेला माणूस असला वास अंगावर घेऊन जिना चढूच शकत नाही. म्हणजे…

मी पुढचा बदाम तोंडात टाकला. नाक परत आलं म्हटलं तर तो उद्यापासून कशाला येईल?

शुक्रवारी प्रेरणाताई बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. आत कढई तापली, बदाम तडतडू लागले, ओंकारने मान वाकडी केली. तेवढ्यात खालच्या रुळांवरून मालगाडी निघाली. लांबच लांब. कपाटातल्या बश्यासुद्धा थरथरायला लागल्या. ओंकारने डोळे उघडले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

मला मात्र वास येत होता. गोड… खरपूस… आणि आता तो कडूकडे वळणार होता. गप्प राहिले तर केक जाईल. हात हलवला तर हा.

मी बदाम परातीत ओतले.

गाडी गेली. एवढी शांतता पसरली की बदाम निवताना ऐकू आले.

"नाक… आलं?" तो हळूच म्हणाला.

"काल. आणि तुमचं?"

"कवाच नव्हतं. जन्मापास्नं." त्याने मान खाली घातली. "त्या दिवशी धूर दिसला म्हणून आलतो. बदाम मी ऐकतो. तडतडत्यात, मंग गप व्हायला लागत्यात… तवा काढायचं. आई शेंगदाणे भाजायची, तितं बसून शिकलो."

"आणि हे अंगावर काय मारून येता?"

"सेंट. डब्यावर फुलं हायेत."

"आणि फुलांशेजारी कमोड आहे."

त्याने आपल्याच बाहीकडे पाहिलं. "मला खुर्ची वाटली."

बाहेर केकवर बदाम पेरून झाले. प्रेरणाताईंनी एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला, सोमवारपासून रोज पाठव म्हणाल्या, आणि जाता जाता खिडकी उघडी ठेवायचा सल्ला देऊन गेल्या.

ओंकार चपला घालायला लागला. "मंग… आता माजं काय काम न्हाई."

"उद्या या," मी म्हणाले. "खुर्ची न मारता."

तो आला. साबणाने घासून लाल झालेला. दारातच थांबला.

"माजा खरा वास कसा हाय, मला कुणी सांगितलंच न्हाई कवा."

मी जवळ गेले. ओला दोर, चुलीचा धूर… आणि कुठेतरी खोल, भाजलेला बदाम. एकेक सांगत गेले. तो ऐकत राहिला. मग त्याने डोळे मिटले, मान वाकडी केली आणि कान हळूच माझ्याकडे आणला. छातीतली तडतड त्याला नक्की ऐकू जात असणार.

"काय करतोयस?" माझा आवाज मलाच परका वाटला. "झालं का बघतोयस?"

"ते कवाच झालंय," तो डोळे न उघडता म्हणाला. "मी नुसता ऐकतोय."