डोंगराकडे तोंड

जळगावला आता खिशातले फोन आलेत म्हणे. येऊ द्या. बिनतारी फोनचं कौतुक मला सांगू नका, मी रावेरला टेलिफोन खात्यात जन्म काढला. कंदील जरा बारीक करा आणि ऐका. ही गोष्ट झुलालची. माझ्याच खोलीत राहायचा, आणि थापा मारणाऱ्यातला नव्हता.

सन चौऱ्याण्णव, पौषातली अमावास्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाचा फोन बंद असल्याची तक्रार आली. तो रेडिओवर चालणारा फोन. छतावर सिमेंटात गाडलेला खांब, वर माशाच्या काट्यासारखा अँटेना, त्याचं तोंड दक्षिणेला रावेरच्या टॉवरकडे. त्या लहरी नाकासमोर चालतात. मध्ये डोंगर आला की संपलं.

फोन बेबाबाईच्या घरी होता. तिचा एकुलता एक चिंधा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा. पोचला की फोन करायचा, आणि तो फोन येईस्तोवर म्हातारी जेवायची नाही. या खेपेला तर पार सुकून गेली होती.

झुलाल तिन्हीसांजेला छतावर चढला. अँटेनाचं तोंड उत्तरेला, थेट डोंगराकडे.

"वाऱ्यानं फिरला, अक्का. म्हणून बंद आहे."

"बंद कुठं? मले आयकू येते ना भाऊ. रोज रातले चिंधा बोलतो. म्हनतो, माय, आजून घाटातच हाये."

उपासानं भ्रमलीय, असं झुलालला वाटलं. त्यानं तोंड रावेरकडे केलं, नट आवळले. वरून, अँटेना खांबाला धरणारी पकड आणि खांब या दोन्हींवर मिळून ब्रशनं लाल रंगाचा एक पट्टा ओढला. पुन्हा फिरलं तर पट्टा तुटेल, लगेच कळेल. आमची ती रीतच होती.

खाली आला आणि फोन वाजला. ट्रकमालक रुपचंद. आठवडाभर फोन लावत होता. बऱ्हाणपूरच्या पुढे, घाटातल्या दरीत ट्रक सापडला होता. चिंधा आतच होता.

झुलालनंच ते तिला सांगितलं.

म्हातारी रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, त्याचं तोंड परत डोंगराकडे कर."

"अक्का... तसं नाही करता येत."

परतीची गाडी गेली होती. तो ओट्यावर आडवा झाला. झोप कसली. म्हातारीजवळ जमलेल्या शेजारच्या बायका उठून गेल्या, घर निजलं. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं.

वर लोखंड करकरलं.

थांबलं.

पुन्हा... हळूहळू...

फोन वाजला नाही. आतून फक्त तिचा आवाज आला.

"पोचला का रे?"

...

"बरं. मंग जेवते आता मी."

ताटात भाकरी मोडल्याचा आवाज झुलालनं ऐकला. उजाडेपर्यंत त्यानं पाय ओट्याखाली टाकला नाही.

उजाडल्यावर शिडी लावून वर गेला. अँटेनाचं तोंड डोंगराकडे होतं. खांब जागचा हलला नव्हता. लाल पट्टा पकडीवरून खांबावर सरळ उतरला होता, वाळलेला. कुठेही चीर नव्हती.