वरच्या गावाचं तिकीट

"गावाचं नाव घ्यायला जीभ झिजते का?" अच्चमपेटच्या स्टँडवर कंडक्टर चहावर फुंकर मारत कुरकुरत होता. "सोमवारी सकाळी ती नीलम्मा. कुठं जायचं विचारलं, तर बोट वर. म्हणे, मल्लन्नाच्या डोंगरावर. श्रीशैलम म्हण की बाई. बसमध्ये नवसानं हेच नाव ठेवलेले चार श्रीशैलम बसले होते, एकही लाजला नाही."

जंगय्या खूश झाला. हवालदारकी संपल्यापासून तो अनसूयम्माच्या खासगी तपासात हातभार लावायचा. म्हणजे बहुधा पिशवी धरायचा. "अक्का, बाई सुटली. नवरा मेला तेव्हा ती बसमध्ये."

"बसमध्येच होती," अनसूयम्मा म्हणाली.

सोमवारी दुपारी नीलम्माच्या नवऱ्याला, मोगिलय्याला, स्वयंपाकघरात, भाकरीचा घास तोंडात असताना, मागून कुऱ्हाडीनं तोडलं होतं. मान कातड्यावर लोंबत होती. कुऱ्हाड सालदार कुर्मय्याची. म्हणून कुर्मय्या कोठडीत, मार खाऊन कबुलीच्या बेतात. त्याची आई अनसूयम्माकडे धावली होती: "अम्मा, त्या घरात उंबऱ्याआत त्याला कधी घेतलं नाही. पाणीसुद्धा वरून ओतायचे."

नीलम्मा घरी भिंतीला टेकून बसली होती. गालावर जुना व्रण.

"वैर कुणाशी होतं?" अनसूयम्मानं विचारलं.

"मोगिलय्या सगळ्यांनाच मारायचा. हा व्रण मोगिलय्याचाच."

"घरी कोण होतं?"

"कुणी नाही. धाकटे शेतात होते."

धाकटे म्हणजे तिचा तिशीतला दीर. तो अंगणात बैल धूत होता. "वहिनी आली तेव्हा मी दहाचा," तो हसला. "'श्रीशैलम, नाक पूस' म्हणून गल्लीभर ओरडायची."

संध्याकाळी अनसूयम्मानं दोघांना ठाण्यावर बोलावलं. कोपऱ्यात कुर्मय्या होता, एक डोळा सुजून मिटलेला.

"जेवणाऱ्याच्या पाठीशी उभा राहतो तो घरचा माणूस," ती म्हणाली. "कुर्मय्याची कुऱ्हाड गोठ्यात कुणालाही मिळते, कुर्मय्याला मात्र चूल दिसत नाही. घरची माणसं दोन. एक बसमध्ये."

"म्हणून मी?" श्रीशैलम म्हणाला. "सख्ख्या भावाला कशाला मारू?"

"ते हिनंच सांगितलं. जंगय्या, माझी सासू वीस वर्षं विधवा आहे. सासऱ्यांचं नाव कधी घेतलं?"

"मरेल, पण घेणार नाही."

"ही मेलेल्या नवऱ्याचं नाव खडा फेकावा तसं फेकते. आणि ज्याला नावानं हाका मारल्या, तो आता 'धाकटे'. त्या नावाचं गाव आलं तरी बोट वर. आपल्यात बाई कुणाचं नाव घेत नाही, जंगय्या?"

जंगय्या आपल्या चपलांकडे बघू लागला.

"ही रांड आहे," श्रीशैलम म्हणाला. "तिनंच कुर्मय्याला फितवलं असेल." आणि जंगय्या उठेपर्यंत त्यानं तिच्या त्याच गालावर हात उगारून हाणला. व्रण फुटला.

नीलम्मानं पदरानं रक्त टिपलं. कुर्मय्याच्या मिटलेल्या डोळ्याकडे पाहिलं. मग तिकीट मागावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली,

"श्रीशैलम. श्रीशैलमनं मारलं."