फटाक्यांचा वाढदिवस

फाइल कप्प्यात नव्हती.

नॉर्व्हल पिम यांनी तीनदा पाहिलं. हॅमिल्टनच्या हेरन्स हॉकी क्लबात एकवीस वर्षं ते फायली सांभाळत होते, आणि त्यांचा स्वतःवर कधीच पूर्ण विश्वास बसला नव्हता. पण कप्पा रिकामाच होता. कर्णधार रेजाँ थिबोडोच्या कराराची फाइल कुणीतरी नेली होती.

तारीख एक जुलै, वेळ सकाळी सव्वानऊ. दुपारी बाराला देशभरातले करारमुक्त खेळाडू बोलीला येणार होते. थिबोडो निवृत्त झाल्यामुळे त्याच्या पगाराची जागा सुटेल आणि तिच्यात हाग्लुंड नावाचा गोलरक्षक बसेल, असं व्यवस्थापक ग्रँट मॅकस्वीनने महिनाभर वर्तमानपत्रांना सांगितलं होतं. सकाळी लीगचं पत्र आलं. जागा सुटणार नाही. करार लागू होण्याआधीच्या तीस जूनला ज्याला पस्तीस पूर्ण झाली, तो निवृत्त झाला तरी करार संपेपर्यंत त्याचा पगार लीगने क्लबला घातलेल्या एकूण पगाराच्या मर्यादेतच धरतात. आणि थिबोडोचा जन्म चोवीस जूनचा; त्या तीस जूनच्या सहाच दिवस आधी त्याला पस्तीस पूर्ण झाली होती.

चार वर्षांच्या त्या कराराचं अजून एक वर्ष उरलं होतं.

वर मॅकस्वीनच्या खोलीत मालकीणबाई व्हॉसबर्ग खिडकीशी उभ्या होत्या. करारांचे नियम तपासणारी मारीझ गॅन्यों पांढरीफटक पडून खुर्चीत बसली होती. मॅकस्वीन टेबलामागे ऐसपैस बसला होता. खुर्चीला टेकून गोल्फची पिशवी होती, पिशवीच्या तोंडावरचं झाकण चेनने बंद केलेलं.

"आले आपले ग्रंथपाल," मॅकस्वीन म्हणाला. "फाइल कुठंय, आजोबा?"

"नाहीये."

"बघा बाई. हिच्या टिपणात थिबोडोचा वाढदिवस एक जुलै लिहिला होता. तिच्या भरवशावर मी सही केली. आता चूक उघडी पडली, तर फाइलच गायब."

"मी चोवीस जूनच लिहिलं होतं," मारीझ म्हणाली. "चार वर्षं देऊ नका, असंही लिहिलं होतं."

"दाखव मग."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "बारापर्यंत खरं काय ते कळलं नाही, तर मुली, तुला जावं लागेल."

पिमनी घसा साफ केला. दोनदा करावा लागला.

"दोन-तीन प्रश्न विचारू?"

"विचारा की," मॅकस्वीन हसला. "तेवढाच आमचा वेळ जाईल."

"तारीख तुम्ही पडताळली नाही?"

"कशाला? रेजाँ स्वतःच सांगायचा ना. दर वाढदिवसाला आभाळभर फटाके, म्हणायचा, लहानपणी वाटायचं माझ्यासाठीच उडवतात. टिपणातही तेच होतं, एक जुलै."

पिम मारीझकडे वळले. "तू तिकडच्या फ्रेंच मुलखातल्या शिकुटिमीची ना? सुट्टीत घरी गेली होतीस?"

"गेल्याच आठवड्यात. सेंट-जाँच्या सणाला."

"आज नाही गेलीस?"

"आज कोण जातं, मिस्टर पिम? आज आमच्याकडे भाडेकरार संपतात, सगळा गाव घरं बदलतो. भाऊ जिन्यावरून सोफा उतरवत असेल आणि शिव्या घालत असेल."

"आणि थिबोडो कुठला?"

"आमच्याच गावचा. दोन गल्ल्या पलीकडचा."

मॅकस्वीनने जांभई दिली आणि पायाने गोल्फची पिशवी आणखी जवळ ओढली.

"बाई," पिम म्हणाले, "मॅकस्वीनसाहेबांच्या गावात फटाके एक जुलैला उडतात. देशाचा वाढदिवस. रेजाँच्या गावात ते सेंट-जाँला उडतात, चोवीस जूनला. एक जुलैला तिथे सोफे उतरतात. रेजाँचं ऐकून 'फटाके म्हणजे एक जुलै' असा हिशेब शिकुटिमीची मुलगी कशी करेल? तो इथल्या माणसाचाच. म्हणजे टिपणात एक जुलै नव्हतं. ते साहेबांच्या डोक्यात होतं, आणि डोक्यातलं कागदावर ताडून पाहायची त्यांना सवय नाही."

"तोंड सांभाळा, आजोबा."

"मारीझने बरोबर लिहिलं असेल, तर तिला फाइल हवी आहे. नकोशी ती एकाच माणसाला आहे. आणि करारमुक्तीच्या दिवशी कुठलाही व्यवस्थापक जागचा हलत नाही, मग गोल्फची पिशवी गाडीत ठेवायची सोडून पायाशी का?"

बाई स्वतः पुढे झाल्या आणि पिशवीची चेन ओढली. आत एकही काठी नव्हती. होती ती फाइल.

"फाडून टाकायची तरी होतीस, ग्रँट," बाई म्हणाल्या.

"त्यासाठी आधी उघडावी लागली असती," पिम पुटपुटले, आणि आपण हे मोठ्याने बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी मारीझचं टिपण वाचलं. जन्म चोवीस जून. चार वर्षं देऊ नयेत. खाली निळ्या शाईत मॅकस्वीनच्या हातचा एकच शब्द होता, आणि त्याखाली तीन वर्षांपूर्वीची तारीख.

'वाचले.'

बाराच्या ठोक्याला हाग्लुंडने दुसऱ्या क्लबशी करार केला. बारा वाजून दहा मिनिटांनी मॅकस्वीन रिकामी पिशवी खांद्याला लावून जिना उतरला. बोली लावायला पगाराची जागा उरली नव्हती, तरी मारीझ त्याच्या टेबलावर पुढच्या वर्षीचे करार उलगडून बसली होती.

पिमनी फाइल कप्प्यात परत ठेवली. मग तिथे आहे ना, हे तीनदा पाहिलं.